साळूबाईच्या डब्यानंतर

"आधी यांची बाजरी झालीये, मॅडम. यांच्यावरच टाकू ना? चालेल?"

गंगापूर रोडवरच्या त्या मोठ्या दुकानात तेलाचे डबे आणि बिस्किटांची कपाटं यांच्या मधोमध काचेची एक खोली केली आहे आणि तिच्यात फ्रिजएवढी स्टीलची गिरणी बसवली आहे. ती चालवणारी मुलगी डोक्याला जाळीची टोपी घालून उभी होती. छातीवर सृष्टी असं नाव लावलेलं. तिने विचारलं ते साधंच होतं, दिवसातून पन्नास जणांना विचारत असेल. पण उज्वलाच्या हातातली गव्हाची पिशवी एकदम जड झाली. मुलगी नुसतं बाजरीवर म्हणाली असती तर काही झालं नसतं. ती यांच्यावर म्हणाली, आणि म्हणताना तिने शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे हात केला. "चालेल," उज्वला म्हणाली, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाली की पलीकडे तूरडाळीचा भाव वाचणारे एक गृहस्थ मान वळवून बघायला लागले. "न चालायला काय झालं? चालेल की!" शेजारची बाई सभ्यपणे हसली. पन्नाशीची, केस आखूड कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला. उज्वलाने तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. आपण उगाच ओरडलो, आता लोक काय म्हणतील, या विचाराने तिचे कान तापले होते.

गिरणी सुरू झाली. जुन्या गिरणीचा आवाज कसा पायांतून वर चढायचा, तसं हिचं नाही. ही मिक्सरसारखी गुणगुणते. वास मात्र तोच होता. गरम पिठाचा, जरासा करपट, घशात बसणारा. नाक फार वाईट अवयव आहे, माणसाला विचारत नाही आणि कुठेही नेऊन सोडतं. उज्वला एकावन्न वर्षांची, विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर, तिच्या सहीसाठी चार माणसं दाराशी थांबतात. आणि त्या वासासरशी ती सातपूरच्या कामगार वसाहतीत, पाच किलोचा डालड्याचा डबा कमरेवर घेऊन, एका पायाची चप्पल अंगठ्याशी तुटलेली अशी उभी होती. वसाहतीच्या तोंडाशी ती दुकानांची रांग. कारखान्याच्या भोंग्यावर उघडायची, भोंग्यावर मिटायची. पहिलं बाळाजी वाण्याचं. त्याच्या छताला दोऱ्याचा गुंडा टांगलेला असे, पुडी बांधली की तो नुसता हात वर करी आणि न बघता दोरा ओढी. त्याच्या गुळाच्या ढेपेवर गांधीलमाशा बसत, त्या तो हाकलत नसे. "त्याबी गिऱ्हाईकच हे," म्हणायचा. मग मंगळूचं सायकलचं दुकान. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या चार बुटक्या सायकली, आणि काळ्या पाण्याने भरलेलं घमेलं. त्या पाण्यात तो ट्यूब बुडवी आणि भोक कुठे आहे ते बुडबुड्यांवरून शोधी. उज्वलाला तो बुडबुडा फार आवडायचा. आपलं काही पंक्चर नसताना ती तिथे उभी राहायची. मग राजूचं सलून, त्यात मुलींनी जायचं नाही. अर्ध्या पडद्याखालून पुरुषांचे पाय आणि जमिनीवरचे केस तेवढे दिसायचे. आणि टोकाला नाथाभाऊची गिरणी.

या सगळ्यावर हल्ली रोज कुणी ना कुणी लिहीत असतं. जुन्या वसाहतीचा एक ग्रुप आहे मोबाइलवर, एकशे बारा माणसं. कुणी बाळाजी वाण्याच्या लिमलेटच्या गोळ्यांची आठवण काढतं, कुणी मंगळूच्या लाल सायकलची. गेल्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं, काय दिवस होते ते, एका घरची भाजी दुसऱ्या घरी, जातपात कशाला म्हणतात माहीतसुद्धा नव्हतं. त्यावर बावन्न जणांनी हात जोडले होते. उज्वलाने बदाम टाकला होता. टाकला आणि नंतर फोन उशीखाली ठेवला, जणू फोन तिच्याकडे बघत होता. त्या एकशे बारात साळूबाईच्या घरचं कुणीच नाही. मुद्दाम कुणी गाळलं असेल असं नाही. कुणाकडे नंबरच नव्हता त्यांचा.

नाथाभाऊ मूळचा सायखेड्याकडचा, उज्वलाच्या आईच्या, गोदाबाईच्या, माहेरचा, म्हणून आईचा त्याच्यावर भरवसा. त्याच्या पापण्या, कानावरचे केस, बंडीची बटणं, सगळं पांढरं. आजारी पडून चार दिवस घरी बसला तेव्हा तो काळा माणूस आहे हे पोरांना पहिल्यांदा कळलं. त्याच्याकडे माणसं रांगेत उभी नसत, डबे असत. डबा रांगेत लावायचा आणि शाळेत जायचं, नळावर जायचं, कुठेही जायचं. डब्याचा नंबर कुणी मोडत नसे. आणि प्रत्येक डब्यापाशी एक प्रश्न ठरलेला असे, कशावर टाकू? कारण दोन दगडांच्या मधे आधीच्या दळणाचं मूठ-दोन मुठी पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात येतं. म्हणून गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी. उपासाचं दळण असलं तर नाथाभाऊ दगड कुंच्याने झाडून घ्यायचा. पण कितीही झाडा, थोडं राहतंच. साऱ्या वसाहतीचं पीठ असं थोडंथोडं एकमेकांच्या भाकरीत गेलेलं होतं, कुणी कितीही नाक वर करून चाललं तरी. हे उज्वलाला आता सुचतं. तेव्हा तिला फक्त आईचं वाक्य पाठ होतं.

आईचं वाक्य असं होतं : "साळूबाईचा डबा पुढं असला तर नाथाभाऊला म्हणायचं, बाजरीवर नको, मधी दुसऱ्या कोणाचं घ्या." साळूबाई शेवटच्या ओळीत राहायची. तिच्या घरात शिरल्याबरोबर समोर बाबासाहेबांचा फोटो, त्याला रोज ताजं फूल. तिचा नवरा आणि उज्वलाचे वडील एकाच खात्यात, एकाच पाळीला, कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून एकमेकांच्या डब्यातलं खाणारे. आईसुद्धा नळावर साळूबाईशी तासभर बोलायची, हसायची, तिच्याकडून गोधडीचे टाके शिकून आली होती. आई दुष्ट नव्हती, हे उज्वलाने स्वतःला कितीदा सांगितलं असेल. पण नळावरची साळूबाई वेगळी आणि पिठातली वेगळी. हे एकट्या आईचंच नव्हे. त्या रांगेतल्या सगळ्याच घरांत पोरींना हे वाक्य पढवलेलं होतं. साळूबाईकडे बहुतेक बाजरीच असायची, त्यामुळे वाक्य चालून जायचं. नाथाभाऊ मधला एखादा डबा पुढे ओढायचा. सगळ्यांना सगळं समजत होतं, आणि बोलायचं ते फक्त बाजरीबद्दल. अशी चार वर्षं गेली.

मग तो शनिवार. सकाळची शाळा सुटलेली, उज्वला दहा वर्षांची, सकाळी लावलेल्या डब्यापाशी गेली तर साळूबाईचं दळण दगडावर चढलेलं आणि रांगेत पुढचा डबा उज्वलाचाच. पाच-सहा बाया बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या. साळूबाई कापडाच्या बाहीखाली डबा धरून वाकलेली. उज्वला नेहमीसारखं म्हणाली, "नाथाभाऊ, बाजरीवर नको, मधे दुसऱ्याचं घ्या." नाथाभाऊने बाहीतून येणारं पीठ चिमटीत धरून तिला दाखवलं. "अगं पोरी, गहूच हे हिचा. पावणे येणार हेत हिच्याकडं मालेगावचे, पोळ्या हेत. डोळे कुठं ठिवून आलीस?" बाया हसल्या. साळूबाईसुद्धा हसली. आणि उज्वला गडबडली. बाजरी नव्हती. आईने बाजरीच्या पुढचं काही शिकवलंच नव्हतं. सगळे आपल्याकडे बघून हसताहेत, आपण बावळट ठरलो, एवढंच तिला दिसलं आणि ती आपली बाजू सांगायला म्हणून, खरं बोलणाऱ्या मुलीच्या ठसक्यात, मोठ्याने म्हणाली, "गहू असू दे. आई म्हणाली आहे, साळूमावशीच्या डब्यावर आपलं टाकायचं नाही."

नाथाभाऊने खटका खाली ओढला. का ओढला, कुणास ठाऊक. दळण तर संपत आलंच होतं. पट्टा फटफटत मंद झाला, मग नुसता लोंबकळला. वीज गेली तरच एरवी ऐकू यायची ती शांतता तिथे झाली, मंगळूच्या दुकानातला हवेचा पंपसुद्धा ऐकू आला. एका बाईने पदर सारखा केला. एक स्वतःच्या डब्यात वाकून काहीतरी शोधू लागली. "असं काय बोलतेस गं," एवढंही कुणी म्हणालं नाही. साळूबाईने डब्यावर फडकं बांधलं, चुंबळ डोक्यावर ठेवली, डबा उचलला. उज्वलाच्या एका वेणीची रिबिन सुटली होती. साळूबाईला अशी सुटलेली रिबिन दिसली की ती हातातलं काम टाकून बांधायची, चांगली करकचून, डोळ्यांत पाणी येईल अशी. त्या दिवशी तिने रिबिनीकडे पाहिलं, उज्वलाकडे पाहिलं, आणि "येते, नाथाभाऊ," म्हणून ती गेली. मग नाथाभाऊने आपल्या पोत्यातले दोन मुठी गहू घेतले, दगडावर टाकले, ते पीठ बाजूला झाडलं आणि उज्वलाचा डबा घेतला. या वेळी त्याने कशावर टाकू विचारलं नाही.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं की आई शाबासकी देईल. आईने थोबाडीत मारली. "असं तोंडावर सांगायचं असतं का, मूर्ख कुठली! झाकली मूठ ठेवायला काय झालं होतं तुला?" मार कशासाठी होता हे उज्वलाला त्या वयातही लख्ख कळलं, आणि त्या कळण्याची तिला आजही लाज वाटते. पुढच्या आठवड्यापासून साळूबाईचा डबा रांगेत दिसेना. ती दिवेलागणीला यायची, सगळ्यांचं झाल्यावर, नाथाभाऊ फळी लावायच्या बेतात असताना. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीत आईने तिच्याकडे फराळाचं ताट पाठवलं, नेहमीपेक्षा दोन करंज्या जास्त घालून. साळूबाईने ताट घेतलं, आणि रिकामं ताट परत द्यायचं नसतं म्हणून त्यात वाटीभर साखर घालून पाठवली. आईने ती साखर मुंग्यांना घातली. उज्वलाने ते पाहिलं. कॅन्टीनमध्ये दोघींचे नवरे मात्र शेवटपर्यंत समोरासमोर बसत राहिले, आणि पाच-सहा वर्षांनी साळूबाईचं कुटुंब वसाहत सोडून गेलं. कुठे गेलं ते विचारायची हिंमत उज्वलाला झाली नाही.

"तू उज्वला ना गं?"

चष्मा आता डोळ्यांवर चढला होता. काचेतून बघणारे डोळे साळूबाईचेच, तसेच किंचित तिरके. साळूबाईची मुलगी, शाळेतली सोबतीण, उज्वलाने लगेच ओळखलं. "मोहिनी," ती म्हणाली. मोहिनीने तिला तिथेच, तेलाच्या डब्यांसमोर, मिठी मारली. "मघाशी ओरडलीस तेव्हाच मला वाटलं, हा आवाज ऐकलाय कुठंतरी. शाळेत बाईंना अशीच उत्तरं द्यायचीस." मोहिनी पिंपळगाव बसवंतला मुख्याध्यापिका होती, मुलगा इथेच इंदिरानगरला, सुट्टीला आली होती. ती भराभर बोलत होती आणि उज्वला तिच्या तोंडाकडे बघत होती, त्यात कुठे काही राहिलंय का ते शोधत. त्या शनिवारी मोहिनी गिरणीवर नव्हती, मामाकडे होती. पण नंतर? साळूबाईने सांगितलं असेलच. एवढी मोठी गोष्ट कोण पोटात ठेवतं?

"नाथाभाऊची गिरणी आठवते?" मोहिनी काचेकडे बघत म्हणाली. "मी सुनेला नेहमी सांगते. आमची आई मुद्दाम सगळ्यांत शेवटी जायची दळायला. म्हणायची, दिवसभर चालून दगड तापलेला असतो, शेवटचं पीठ मऊसूत येतं. शेवटी जायचं डोकं वसाहतीत फक्त मला हे, म्हणायची. आणि खरंच गं, आमच्या घरच्या भाकरीसारखी भाकरी मी कुठं खाल्ली नाही. मी पण आता तसंच करते, गर्दी सरल्यावरच दळायला जाते. आज मेली तूच आलीस मागून!" आणि ती हसली.

उज्वलाला हसता आलं नाही. चाळीस वर्षं तिने एक वाक्य तयार ठेवलं होतं. आंघोळ करताना, स्कूटर चालवताना, कधी ऑफिसच्या मिटिंगमध्ये, ती ते मनात म्हणायची : मी त्या दिवशी जे बोलले त्याची मला लाज वाटते. वडलांना, नवऱ्याला, कुणालाच तिने ही गोष्ट सांगितली नव्हती, कारण माफी मागायची ती त्याच घरात, असं तिने ठरवून टाकलं होतं. आज ते घर समोर उभं होतं, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी धरून. आणि त्या वाक्याची किंमत काय, तर मोहिनीची मऊ भाकरी. उज्वलाने तोंड उघडलं की शेवटच्या नंबराचा तो अभिमान, सुनेला सांगायची ती गोष्ट, आईचं डोकं, सगळं एका क्षणात नासणार. आपल्या छातीवरचा दगड उचलून या बाईच्या छातीवर ठेवायचा, याला माफी म्हणायचं? बरं, न बोलावं, तर हा भार मरेपर्यंत आपलाच. तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त, खोटं का बोलावं, बोलून मोकळं व्हावंसं वाटलं.

"चल, आई गाडीत बसलीये," मोहिनी म्हणाली. "गुडघे धरलेत, उतरत नाही. तुला बघून वेडी होईल."

गाडी रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत होती. मागच्या काचेत एक छोटंसं डोकं दिसत होतं, पांढरंशुभ्र. मोहिनीने दार उघडलं, "आई, ओळख बरं ही कोण," म्हणाली, आणि तेवढ्यात मागे उभ्या राहिलेल्या टेम्पोवाल्याने हॉर्न लावला, गाडी जरा पुढे घ्या म्हणून. मोहिनी त्याच्याशी हुज्जत घालायला मागे गेली. उज्वला खाली वाकली. साळूबाईचा चेहरा वाळून गेला होता, पण डोळे जागच्या जागी होते. त्यांनी उज्वलाला कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहिलं.

"गोदाबाईची," साळूबाई म्हणाली. "मोठी."

"मावशी," उज्वला म्हणाली, आणि तयार वाक्य गेलं कुठल्या कुठे. "मावशी, मी त्या दिवशी गिरणीवर..."

साळूबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता आणि हलका. तिने आधी मागे, मोहिनीकडे पाहिलं. "हळू बोल. तिला ठावं नाय."

"मला माफ करा, मावशी."

"तू काय नवं सांगितलंस व्हय मला?" साळूबाईच्या बोलण्यात राग नव्हता, ती जुनी वाट आठवून आठवून सांगावी तसं सांगत होती. "साऱ्या जणी बाजरीचं नाव घ्यायच्या. मला काय कळत नव्हतं? पन मीबी बाजरीच समजायची. समजून घ्यायची. म्हनलं बाजरी तर बाजरी. चार वर्सं रांगेत डबा लावला, साऱ्यांच्या बरूबर, मान वर करून. तू बोललीस, आन मंग मला समजून घ्यायला जागाच ऱ्हायली नाय बघ."

उज्वलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भर रस्त्यात, ऑफिसच्या साडीत, ती गाडीच्या दाराला धरून रडत होती आणि तिला कुणाची पर्वा वाटत नव्हती. "मी लहान होते, मावशी. दहा वर्षांची होते."

"व्हय. लहान होतीस," साळूबाई म्हणाली. "मोठ्या बाईनं म्हनलं असतं तर भांडले असते मी. दोन शिव्या घातल्या असत्या न् दुसऱ्या दिवशी पुन्यांदा रांगेत. ल्हान लेकरू खोटं बोलत नाय. म्हनून गेले मी मुकाट."

मोहिनीचा आवाज जवळ येत होता. टेम्पोवाल्याला ती शाळेतल्या पोराला सुनवावं तसं सुनवत होती. साळूबाईने पदराच्या टोकाने उज्वलाचा गाल पुसला, घाईघाईने, जरा खरखरीतच, पुरावा पुसून टाकावा तसा. "रडू नको. ती विचारील."

"काय गं, रडवलंस ना हिला?" मोहिनी गाडीत बसत म्हणाली. "म्हटलं नव्हतं, आई वेडी होईल? इथं तर हीच वेडी झाली." तिने उज्वलाचा नंबर घेतला, एकदा घरी ये म्हणाली, आईलाही घेऊन ये म्हणाली. गाडी सुरू झाली. तेव्हा साळूबाईने काच खाली करायला सांगितली आणि उज्वलाला बोटाने जवळ बोलावलं.

"गोदाबाई हाय अजून?"

"आहे. माझ्याकडेच असते. फारसं फिरत नाही आता."

"तिला सांगू नको मी भेटले म्हनून." साळूबाईने काचेच्या कडेवर बोटं ठेवली. "म्हातारपनी जिवाला लागंल तिच्या."

उज्वलाने मान हलवली. गाडी कॉलेज रोडच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली तरी ती कडुनिंबाखाली उभी होती. चाळीस वर्षं जी क्षमा मागायची म्हणून तिने जपून ठेवली होती, ती आत्ता दिली गेली होती, तिच्या कानांदेखत, तिच्या हातात सोपवून. आणि ती तिच्यासाठी नव्हती. ती आईची होती, आणि आईला ती सांगायची नव्हती.